एक तबकडी जादा

वर्गाचे निकालपत्रक तयार आहे आणि त्यावर पाणी सांडून एका विद्यार्थ्याचे गणिताचे गुण पुसले गेले, असे समजा. एकूण गुणांचा रकाना शाबूत असेल तर काळजीचे कारण नाही. एकुणातून बाकीच्या विषयांचे गुण वजा केले की पुसलेला आकडा हाती येतो. खरे तर बेरीज ही काही नवी माहिती नव्हे. ती आधीच्या आकड्यांतूनच निघालेली असते. तरीही तिच्यामुळे हरवलेले परत मिळते. मात्र दोन विषयांचे गुण एकदम पुसले गेले, तर एकट्या बेरजेचा उपयोग होत नाही. संगणकातील माहिती सांभाळण्याचा इतिहास बऱ्याच अंशी या जादा रकान्याचा इतिहास आहे.

१९४७ च्या सुमारास रिचर्ड हॅमिंग हे गणितज्ञ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिलेंवर चालणारा संगणक वापरत असत. शनिवार-रविवारी यंत्रापाशी कोणी नसे. आपली चूक झाली एवढे यंत्राला ओळखता येई. पण मग ते हातातले गणित सोडून देऊन पुढच्याकडे वळे. लागोपाठ दोन आठवडे हॅमिंग यांचे काम असेच वाया गेले. चूक झाली हे यंत्राला कळते, तर ती नेमकी कोठे झाली हे का कळू नये, असा प्रश्न त्यांना पडला. त्याचे उत्तर त्यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केले. माहितीच्या चार अंकांबरोबर तीन जादा तपासणी-अंक योग्य रीतीने ठेवले, तर सातांपैकी कोणताही एक अंक बिघडला तरी तो हुडकता येतो. संगणकाच्या भाषेत ० आणि १ हे दोनच अंक असल्यामुळे चुकलेला अंक सापडला की तो उलटा करायचा, झाली दुरुस्ती!

दरम्यान माहिती साठवण्यासाठी चुंबकीय तबकड्या, म्हणजेच हार्ड डिस्क, आल्या. १९५६ मध्ये आयबीएमने आणलेल्या 'रामॅक'मध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. १९८० नंतर घरगुती संगणकांसाठी लहान, स्वस्त तबकड्या निघाल्या. तेव्हा एका मोठ्या महागड्या साठ्याऐवजी अशा अनेक लहान तबकड्या का जोडू नयेत, असा प्रश्न बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रॅंडी कॅट्झ यांनी १९८८ च्या एका निबंधात मांडला.

अडचण साध्या भागाकाराची होती. एक तबकडी सरासरी ३०,००० तास चालते असे धरले, तर १०० तबकड्यांच्या संचात दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एखादी बंद पडणार. यावर तोडगा होता तो जादा तबकडीचा. ही कल्पना अगदीच नवी नव्हती. तिच्याशी मिळतेजुळते एक पेटंट आयबीएमच्या नॉर्मन औची यांना १९७८ मध्येच मिळाले होते. बर्कलीच्या तिघांनी अशा पद्धतींची पाच प्रकारांत मांडणी केली आणि त्यांना 'रेड' हे नाव दिले.

ही पद्धत कशी चालते? तीन तबकड्यांवर एकाच जागी १, ०, १ असे अंक आहेत. चौथीवर असा अंक लिहायचा की एकांची एकूण संख्या सम राहावी. येथे तो ० येईल. आता पहिली तबकडी बंद पडली, तर उरतात ०, १, ०. एकांची संख्या सम हवी, म्हणून गेलेला अंक १ असलाच पाहिजे. हॅमिंग यांना तीन जादा अंक लागले, येथे एकच पुरतो. कारण कोणती तबकडी बंद पडली हे आपल्याला आधीच ठाऊक असते, जसा निकालपत्रकावरचा डाग डोळ्यांना दिसतो.

परंतु या युक्तीला एक मर्यादा आहे. १९९८ मध्ये पिक्सार या अमेरिकन चित्रसंस्थेत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असताना कोणीतरी चुकून पुसून टाकण्याची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या फायली भराभर नाहीशा होऊ लागल्या. फितींवर घेतलेल्या प्रतींकडे धाव घेतली, तर त्याही काही काळापासून नीट घेतल्या जात नव्हत्या आणि ते कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. शेवटी गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिकेच्या घरच्या संगणकावर एक प्रत सापडली. घरी तान्हे मूल असल्याने त्या घरून काम करत होत्या, म्हणूनच ती तेथे होती.

आज घरोघरी लग्नाची छायाचित्रे, मुलांची बोबडी गाणी, आजीचा आवाज हे सारे तबकड्यांवरच असते. दोन तबकड्यांची पेटी घेऊन दोन्हींवर तेच लिहिले की आपण सुरक्षित, असे पुष्कळांना वाटते. त्यामुळे तबकडी बंद पडण्यापासून संरक्षण मिळते. पण फाइल पुसली की ती दोन्हींवरून पुसली जाते, आणि चोरी किंवा आग पेटी एक की दोन तबकड्यांची हे विचारत नाही. म्हणूनच या शतकाच्या पहिल्या दशकात छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी एक सोपा नियम सांगितला : तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतील एक दुसऱ्या जागी. पिक्सारच्या अनुभवावरून त्यात एक भर घालता येईल : अधूनमधून प्रत उघडून पाहावी.

वर्गात हे करून पाहा. तीन विद्यार्थ्यांना पाटीवर ० किंवा १ लिहू द्या. चौथा एकांची संख्या सम ठेवील. त्यांपैकी कोणालाही बाहेर पाठवा, वर्ग त्याचा अंक ओळखेल. मग सर्वांना परत बोलावून पहिल्या तिघांपैकी एकाला आपला अंक पुसून दुसरा लिहायला सांगा. चौथा निमूटपणे आपली पाटी बदलेल आणि हिशेब पुन्हा बरोबर जुळेल. आता विचारा, आधी कोणता अंक होता? चारही पाट्यांवर त्याचा मागमूस नसेल. मागच्या बाकावरच्या कोणी ते चार अंक आधीच आपल्या वहीत उतरवून घेतले असतील, तरच उत्तर मिळेल.