पाळक निवृत्त होतो, भटजी का होत नाही?

गावच्या भटजीचा निवृत्ती समारंभ झाल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे का? शिक्षक निवृत्त होतो, तलाठी निवृत्त होतो, एसटीचा ड्रायव्हर निवृत्त होतो. भटजी मात्र मरेपर्यंत भटजी असतो, आणि तो मेला की त्याचा मुलगा भटजी होतो. कारण ते पद कुणी दिलेलेच नसते. ते जन्माने आलेले असते. जे कुणी दिले नाही ते कोण परत घेणार?

ख्रिस्ती मंडळीत असे नसते. अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताचे अहिल्यानगर) कोणत्याही जुन्या मंडळीत गेलात तर पाळकाचा निरोप समारंभ हा तिथल्या लोकांच्या ओळखीचा कार्यक्रम आहे. ठरलेले वय झाले की पाळक पद सोडतो. रविवारच्या भक्तीनंतर महिला मंडळ, तरुण संघ आणि शब्बाथ शाळेची मुले आपापली भेट देतात. ज्याच्या हातून बाप्तिस्मा झाला, ज्याने लग्न लावले, ज्याने आईबापाला मूठमाती दिली, त्या माणसाविषयी लोक बोलतात. काही रडतात, काही जुन्या तक्रारीही काढतात. मग पाळक बाप्तिस्म्याची, लग्नाची आणि दफनाची नोंदवही, हिशेब आणि चाव्या कमिटीच्या ताब्यात देतो आणि मंडळीचे घर रिकामे करतो. पुढचा पाळक त्याचा मुलगा नसतो. दुसऱ्या गावाहून, बहुधा दुसऱ्या आडनावाचा माणूस येतो.

आपल्या चळवळीने या साध्या घटनेकडे नीट पाहिलेले नाही. त्या निरोपात एका मोठ्या लढ्याचा इतिहास आहे, तो लढा म्हणजे वतनाविरुद्धचा लढा.

जोशाचे वतन आणि महाराचे वतन

ग्रामजोशीपण हे केवळ धार्मिक काम नव्हते, ती मिळकत होती. मुंबई इलाख्यात एखाद्या कुणब्याने किंवा माळ्याने ग्रामजोशाला न बोलावता लग्न लावले, तरी जोशी आपल्या दक्षिणेचा हक्क सांगत कोर्टात जाऊ शकत असे. जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या सत्यशोधकांनी भटजीशिवाय लग्ने लावली तेव्हा तेथील जोशांनी कोर्ट गाठले होते. जोतीराव फुल्यांनी १८८७ साली सत्यशोधक पूजाविधीचे पुस्तक काढले, त्यामागे हीच लढाई होती. हा हक्क कायद्याने मोडायला १९२६ साल उजाडावे लागले. त्यासाठी झटणारे सी. के. बोले म्हणजे तेच बोले, ज्यांच्या १९२३ च्या ठरावातून पुढे महाडचा सत्याग्रह उभा राहिला.

दुसऱ्या टोकाला महार वतन होते. तेही जन्माने येणारे. जोशाला वतनातून मान मिळे, महाराला त्याच वतनातून गुलामी मिळे. मेलेले जनावर ओढणे, सांगावा पोचवणे, सरकारी सामान वाहणे, आणि बदल्यात भाकरीचे तुकडे व नावापुरती जमीन. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणले. प्रत्यक्ष वतन गेले ते १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. म्हणजे गावगाड्यात वरचा आणि खालचा, दोघांनाही निवृत्ती नव्हती. निवृत्ती तिथेच असते जिथे नेमणूक असते.

मंडळीत नेमणूक कशी आली

अमेरिकन मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली अहमदनगरला त्यांचे ठाणे झाले. सिंथिया फरार बाईंची मुलींची शाळा याच शहरातली, जी पाहून जोतीरावांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली. १८४२ साली 'ज्ञानोदय' इथूनच सुरू झाला, आणि १८५५ साली मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध त्यात छापला गेला. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. मंडळीच्या कारभाराचा इतिहास मात्र आपण वाचत नाही.

अहमदनगरचे पहिले देशी पाळक हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक. दोघेही ब्राह्मण घरात जन्मलेले. हे लपवण्याचे कारण नाही. पण पुढे खेड्यापाड्यांत ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या प्रामुख्याने महारवाड्यात आणि काही मांगवाड्यात. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर त्यांची संख्या झपाट्याने वाढली. पोटासाठी बाटले, असे आपले सवर्ण इतिहासकार सांगतात. ज्यांच्या धान्याच्या कोठारांसमोर माणसे मेली त्यांनी ही टीका करावी, यासारखा विनोद नाही.

मिशनच्या अमेरिकेतील मंडळाचे सचिव रूफस अँडरसन हे १८५४-५५ साली हिंदुस्थानात येऊन गेले. त्यांचे मत असे की मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण उचलावा आणि आपला प्रचार आपण करावा. मिशनरी हा पाहुणा आहे, त्याने एक दिवस निघून जायचे आहे. आता विचार करा. ज्याच्याकडे बलुत्याशिवाय उत्पन्न नाही, बाप्तिस्मा घेतला तर ते बलुतेही बंद होण्याची भीती आहे, त्या माणसाला सांगितले जात होते की तुझ्या पाळकाचा पगार तू दे!

हे सोपे गेले नाही. कित्येक वर्षे मिशनच्याच पैशावर काम चालले. खेड्यातला शिक्षक हाच उपदेशक असायचा. दिवसा शाळा, रविवारी भक्ती. पगार मिशन देत असल्यामुळे त्याचे डोळे मंडळीकडे कमी आणि मिशनरी साहेबाकडे जास्त असत. नारायण वामन टिळकांसारख्या मोठ्या माणसालाही ही पराधीनता बोचत होती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यामागे हेही एक कारण होते.

पण हळूहळू दान गोळा करण्याची सवय लागली. रविवारचे दान, दशांश, आणि पीक निघाल्यावर उपकारस्तुतीचा सण. त्या सणाला ज्वारी-बाजरीची कणसे, भाजीपाला, अंडी, कोंबड्या येतात आणि भक्तीनंतर त्यांचा लिलाव होतो. त्यातून मंडळीचा खर्च चालायला हातभार लागतो. ज्यांना गावाने कायम मागणारे ठरवले होते, ते इथे देणारे झाले. ज्याचा पगार आपण देतो त्याला आपण प्रश्नही विचारतो. हिशेब मागतो, बदली मागतो, आणि वेळ झाली की सन्मानाने निरोपही देतो. निरोप समारंभाची मुळे या लिलावात आहेत.

नोंदवहीचे दुखणे

जाणारा पाळक जी नोंदवही सोपवतो, तिचीही एक गोष्ट आहे. गावाच्या कागदपत्रांत आपला पूर्वज वतनदार म्हणून सापडतो, म्हणजे कुणाच्या तरी सेवेच्या नात्याने. मंडळीच्या वहीत तो नवरा म्हणून, बाप म्हणून, स्वतःच्या नावाने येतो. बायकोचे नावही येते.

१० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जाती आदेश निघाला आणि या वहीला धार आली. हिंदू धर्माव्यतिरिक्त अन्य धर्म मानणारा अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही, असे त्यात म्हटले. १९५६ साली शीख आले, १९९० साली आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली. २०२२ साली न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. परिणाम असा की अनेक घरांत दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा धर्म असतो. बाप्तिस्म्याची नोंद मुलाच्या दाखल्याच्या आड येईल म्हणून माणसे ती नोंदच टाळतात. वर्षानुवर्षे ज्यांच्या सुखदुःखात पाळक राहिला, त्यातल्या काहींची नावे त्याच्या वहीत नसतात.

हे आपण समजून घेतले पाहिजे, कारण १९५६ ते १९९० ही चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतींसाठी आपल्या माणसांनीही हेच केले. आणि नगर, संभाजीनगर, जालना या पट्ट्यात एकाच आडनावाची दोन घरे, एक बौद्ध आणि एक ख्रिस्ती, ही नवलाची गोष्ट नाही. जात बाप्तिस्म्याने जात नाही, हे गावालाही ठाऊक आहे. फक्त कायद्याला मान्य नाही.

बाबासाहेबांनी काय पाहिले

बाबासाहेबांनी मिशनऱ्यांची आरती केली नाही. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवरील लिखाणात त्यांनी सरळ सांगितले की मंडळीत जात शिल्लक राहिली. मिशनच्या शाळा-दवाखान्यांचा फायदा सवर्णांनी उचलला आणि खेड्यातला ख्रिस्ती गरीबच राहिला. दुःखाचे मूळ माणसाच्या पापात शोधायला शिकवले की अन्याय करणाऱ्या समाजाशी भांडण्याची रग कमी होते, हा त्यांचा सर्वांत टोकदार आक्षेप होता.

पण संस्था कशी चालते याकडे त्यांनी अभ्यासकाच्या नजरेने पाहिले. १९३६ च्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन' मध्ये त्यांनी मागणी केली की पुरोहितपण वंशपरंपरेने असू नये, परीक्षा आणि सनद असावी, संख्या कायद्याने ठरलेली असावी आणि पुरोहित हा सरकारी नोकरासारखा शिस्तीला बांधलेला असावा. म्हणजे पुरोहिताला नेमता यावे आणि काढताही यावे. १९५४ साली ब्रह्मदेशातील बुद्ध शासन कौन्सिलला दिलेल्या टिपणात तर त्यांनी स्पष्ट योजना मांडली. धम्माचा प्रचार करण्यासाठी आणि नवे उपासक धम्म पाळतात की नाही हे पाहण्यासाठी प्रचारक नेमावेत, ते गृहस्थ असले तरी चालतील, सुरुवातीला अर्धवेळ असले तरी चालतील, पण त्यांना पगार असावा. हा प्रचारक मंडळीच्या पाळकाचा सख्खा भाऊ शोभेल असा आहे.

आपल्या विहाराचा हिशेब

दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण ब्राह्मणाच्या हातून कोणताही विधी न करण्याचे ठरवले. भटजी गेला. त्याच्या जागी कोण आले? बौद्धाचार्य आले. ही माणसे दिवसभर नोकरी करून, रविवारी पदरच्या पैशाने गावोगावी जाऊन लग्ने लावतात, पुण्यानुमोदनाला उभी राहतात. त्यांच्या त्यागाला तोड नाही. पण त्यागावर संस्था किती पिढ्या चालते? गावोगावी विहार बांधले जातात, मूर्ती बसते, उद्घाटन होते आणि सोमवारपासून कुलूप लागते. जयंतीला लाखोंची वर्गणी निघते. त्यातला ठराविक हिस्सा दरमहा एका प्रशिक्षित माणसाच्या पगाराला गेला, तर त्या विहारात रोज संध्याकाळी अभ्यासिका चालेल.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. पगारी माणूस आला की नवा भटजी आला. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, पण तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. भटजी घातक होता तो त्याला पैसे मिळत म्हणून नव्हे. त्याला नेमणारा कुणी नव्हता, काढणारा कुणी नव्हता आणि हिशेब विचारणारा कुणी नव्हता म्हणून. पगार, मुदत, नोंदवही आणि निवृत्ती असलेला माणूस भटजी होऊ शकत नाही. उलट फुकट काम करणारा, कुणाला उत्तर न देणारा आणि खुर्ची न सोडणारा माणूस मात्र होऊ शकतो. आपल्याकडे असे किती आहेत ते मोजा. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. त्याच्या किती गटांच्या अध्यक्षांना आपण सन्मानाने निरोप दिला? आपल्याकडे अध्यक्ष निवृत्त होत नाही. तो मरतो, किंवा नवा गट काढतो.

मंडळीचेही सगळे गोड नाही. चर्चच्या जमिनींवरून भांडणे आहेत. महार-मांग अंतर अनेक ठिकाणी बाकावर दिसत नसले तरी सोयरिकीत दिसते. आयुष्यभर मंडळीच्या घरात राहिलेला पाळक निवृत्तीनंतर छप्पर शोधत फिरतो, हेही खरे. म्हणून नक्कल करायची नाही. बाबासाहेबांनी केली तशी निवड करायची.

आपल्या विहाराच्या पुढच्या बैठकीत चार ठराव मांडा. पगारी धम्म प्रचारक, त्याची ठरलेली मुदत, उघडा हिशेब आणि निवृत्तीनंतर त्याच्या निवाऱ्याची तरतूद. बैठकीत पहिला प्रश्न येईल की पैसे कुठून आणायचे. तेव्हा जयंतीच्या वर्गणीचा हिशेब टेबलावर ठेवा.

जय भीम!