बेंबळीहून बार्शीकडे, १९४८

ऑगस्ट १९४८. पोळा तोंडावर आलाय आणि तुम्ही मात्र बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा सोडताय. रात्री गाडीचा आवाज होऊन चालणार नाही. बेंबळी हैदराबादच्या निजामाच्या मोगलाईत, बार्शी भारतीय युनियनमध्ये. परवापरवापर्यंत ही सरहद्द करोडगिरीच्या नाक्यावर तेवढी जाणवायची: माल दाखवा, जकात भरा, निजामाच्या हाली रुपयांचे ब्रिटिश कलदार करून घ्या, चालू लागा. आता तिच्यावर दोन्हीकडून बंदुका आहेत.

शेजारच्या गावात निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार येऊन गेले, हे कानावर आलं आणि तुमचं निघायचं ठरलं. त्यांचा पुढारी कासिम रझवी लांबचा नाही, लातुरात वकिली केलेला. गाडीत ज्वारीचं पोतं, पितळी भांडी, वाकळेवर म्हातारी आई. कारभारीण भाकरी बांधते, सोबत अळणी पिठलं. भारत सरकारनं नाकेबंदी केलीय. हैदराबाद संस्थानाला समुद्र नाही, मीठ बाहेरून यायचं. ते थांबलं, औषधंही अडली. शस्त्रं मात्र येतातच: सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानं भरून आणतो. सरहद्दीवर पहारा बसवणाऱ्यानं आधी हे बघायला हवं होतं, की अडतंय कोण. इथं तुमच्या आईचं औषध अडलं आणि बंदुका वरून उतरल्या.

ओढ्याच्या काळ्या चिखलात चाक रुततं. तुम्ही खांदा लावता, पोरगं रडू नये म्हणून कारभारीण त्याला पदराखाली घेते. निजामाच्या शिपायानं पकडलं तर तो तुम्हाला निर्वासित म्हणणार नाही. बार्शी-सोलापूरकडच्या ज्या कॅम्पांत तुमच्यासारखी घरं आसरा घेतात, तिथूनच निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र तुकड्या येऊन नाके जाळतात. मग पळणारा प्रत्येक जण संशयित. उलट्या दिशेनंही लोक आलेत: मध्यप्रांत-वऱ्हाडातली भेदरलेली मुसलमान कुटुंबं, निजामाच्या आसऱ्याला. भीती तीच, फक्त वाट उलटी.

१३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गवर येते. निजामाची तक्रार पॅरिसला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढं निघते १६ तारखेला, आणि १७ला तो शरण जातो. लोक या कारवाईला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणू लागतात. तुम्ही बार्शीहून गाडी जुंपून परत येता.

गाय ज्याच्याकडं सोपवून गेला होतात, त्या तांबोळ्याचं घर उघडं आहे. आत कुणी नाही. आता त्याच्या माणसांवर, मुसलमानांवर, पाळी आली. पुढं नेहरूंनी पाठवलेली सुंदरलाल समिती या दिवसांतल्या मृत्यूंचा राज्यभराचा अंदाज २७ ते ४० हजार देईल, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव लिहील. रझाकारांनी केलेल्याचं उट्टं अशांवर काढलं गेलं, ज्यांनी कधी बंदूक हातात धरली नव्हती.

आईला ओट्यावर बसवून तुम्ही तांबोळ्याचा ठावठिकाणा विचारत उस्मानाबादच्या रस्त्याला लागता.