ताप उतरल्यानंतरची काच

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. त्याआधीची कित्येक वर्षं मराठवाड्यातल्या खेड्यांत ताप आला की गावात हिवतापवाला यायचा. बोटाला सुई टोचायचा, काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि क्लोरोक्विनच्या चार गोळ्या हातावर ठेवायचा. उपाशीपोटी घेऊ नका, एवढं सांगून पुढच्या घरी जायचा. दर पंधरवड्याला त्याची फेरी असे आणि घराच्या भिंतीवर छापलेल्या चौकटीत तो तारीख टाकून जाई. रक्ताचा अहवाल येण्याआधीच दिलेल्या या गोळ्यांना खात्याच्या भाषेत ‘गृहीत उपचार’ म्हणत. काचेत जंतू सापडले की दुसरी फेरी, दुसरी औषधं आणि ‘समूळ उपचार’.

या चार गोळ्या लागू पडतात हे कुणी आणि कशाच्या आधारावर ठरवलं? आणि त्या पुरत नाहीत हे पुढे कुठल्या कागदांनी दाखवलं? हे कागद आसाम, मुंबई, कलकत्ता, दिल्ली अशा ठिकाणी तयार झाले. पण हिंगोलीच्या रुग्णाला आज कोणती गोळी मिळते, याचं उत्तर त्यांच्यातच आहे. म्हणून ते क्रमाने वाचायला हवेत.

सगळ्यात जुना कागद १८६६ ते १८६८ या काळातला. तेव्हा हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. ती १९०३ पर्यंत राहिली. छावणी कुठलीही असो, शिपायांना आडवं करणारा रोग एकच, पाळीचा ताप. त्यावर कोयनेल, म्हणजे सिंकोनाच्या सालीतलं क्विनाइन, हा उतारा होता, पण तो महाग. सरकारने निलगिरीत सिंकोनाची झाडं लावली होती. आपल्याकडे महाबळेश्वरला लिंगमळ्यातही तो प्रयत्न झाला आणि दहाएक वर्षांत गुंडाळावा लागला. निलगिरीत जोमाने वाढलेल्या तांबड्या सालीत क्विनाइन कमी निघायचं आणि त्याची भावंडं, म्हणजे सिंकोनिडीन आणि सिंकोनीन, जास्त. तेव्हा प्रश्न असा पडला, की ही स्वस्त भावंडं तापावर चालतील का? त्यासाठी इलाख्यांमध्ये वैद्यकीय समित्या नेमल्या गेल्या.

त्यांचे आकडे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक जॉर्ज किंग यांनी सिंकोना लागवडीवरच्या आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवले आहेत. एकूण रुग्ण २,४७२. त्यांतल्या ८४६ जणांना क्विनाइन, ६६४ जणांना त्याच सालीतलं क्विनिडीन, ५५९ जणांना सिंकोनीन आणि ४०३ जणांना सिंकोनिडीन दिलं. बरे झाले २,४४५, अपयश २७. सिंकोनीनचं अपयश इतरांहून जास्त, तरीही शंभरात तीनपेक्षा कमी. निष्कर्ष असा निघाला की चारही औषधं चालतात. पुढे बंगालमध्ये सालीतली सगळी द्रव्यं एकत्र असलेली स्वस्त ताप-औषधी तयार झाली, ती याच आकड्यांच्या भरवशावर.

हा तक्ता मला आदराने वाचावासा वाटतो. चार औषधं शेजारी-शेजारी ठेवून तपासली, अपयश मोजलं आणि लपवलं नाही. त्या काळी ही मोठी गोष्ट होती. पण ‘बरा झाला’ म्हणजे काय, या प्रश्नावर हा कागद डळमळतो. समित्यांची कसोटी होती तापाची पाळी थांबणं. हिवतापाचा जंतू लाव्हराँ यांनी अल्जीरियात पाहिला तो १८८० साली. तो डासातून पसरतो याचा धागा रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत सापडला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी, आणि तेही निजामाच्या राज्यात, म्हणजे हिंगोली ज्या राज्यात होतं तिथेच. १८६६ च्या डॉक्टरांपुढे फक्त थंडी वाजून येणारा ताप होता. त्या २,४७२ जणांत खरा हिवताप किती जणांना होता हे त्या कागदावरून काढता येत नाही. वारंवार हिवताप होऊन गेलेल्या माणसाचा ताप औषधाशिवायही कधीकधी ओसरतो. काहीच औषध न दिलेला गट तुलनेला नव्हता. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाळी थांबल्यावर तीन-चार आठवड्यांनी त्या रुग्णांचं काय झालं, हे त्या आकड्यांत नाही.

ताप थांबला म्हणजे औषध लागू पडलं, ही समजूत पुढे शंभर वर्षं टिकली. क्लोरोक्विन आलं तेव्हा ते इतकं गुणकारी होतं की वेगळी कसोटी हवी असं फारसं कुणाला वाटलं नाही. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ साली निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, आणि चार गोळ्या देशभर पोचल्या. मग १९७३ साली आसामातून, आज ज्याला कार्बी आंगलाँग म्हणतात त्या भागातून, सेहगल आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. फाल्सिपारम जातीचा जंतू क्लोरोक्विनला दाद देत नाही, अशी ती भारतातली पहिली नोंद.

फाल्सिपारम हा जिवावर उठणारा जंतू. महाराष्ट्रात त्याचं घर गडचिरोलीच्या जंगलात. इतर बऱ्याच ठिकाणी भेटतो तो व्हायव्हॅक्स, तुलनेने सौम्य पण चिवट. त्याच्यावर क्लोरोक्विन हमखास चालतं, हा भरवसा १९८९ पर्यंत अभंग होता. त्या वर्षी पापुआ न्यू गिनीतून परतलेल्या ऑस्ट्रेलियन रुग्णांच्या नोंदी छापून आल्या आणि पहिला तडा गेला.

मुंबईचा कागद १९९५ चा. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाच्या क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागातून गर्ग, गोपीनाथन, बोधे आणि नीलिमा क्षीरसागर यांनी लंडनच्या एका उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या नियतकालिकात जेमतेम दोन पानांचं टिपण छापलं. विषय, क्लोरोक्विनला न जुमानणारा व्हायव्हॅक्स हिवताप. शीर्षकातच त्यांनी स्पष्ट केलं आहे की या मुंबईतल्या काही रुग्णांच्या नोंदी आहेत. शहरभर प्रतिकार पसरला आहे असा दावा त्यांनी केला नाही. हा संयम महत्त्वाचा आहे. एखाद्या रुग्णाला गुण आला नाही यावरून औषध निकामी ठरत नाही. गोळी ओकून पडली असेल, मात्रा कमी पडली असेल, गोळीच हलकी असेल. म्हणून व्हायव्हॅक्सच्या बाबतीत रक्तातलं क्लोरोक्विनही मोजायचं असतं. दर मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅमहून अधिक औषध रक्तात असताना जंतू वाढत असतील, तरच प्रतिकार हा शब्द वापरता येतो.

फाल्सिपारमचा हिशेब जास्त कठोरपणे मांडला गेला तो २००० साली. क्षीरसागर, नित्या गोगटे आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या प्रौढ रुग्णांवर क्लोरोक्विन आणि आर्टिमेथर-ल्यूमेफँट्रिन यांची तुलना केली. कुणाला कोणतं औषध ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलेलं, आणि डॉक्टर-रुग्ण दोघांनाही ते माहीत नाही. अठ्ठावीस दिवसांनी पाहिलं तेव्हा नव्या औषधाने सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते, क्लोरोक्विनने सुमारे २० टक्के. तो आकडा वाचून क्षणभर थांबायला होतं. त्याच सुमारास देशभरातल्या खेड्यांत चार गोळ्या वाटणं चालूच होतं.

या अठ्ठावीस दिवसांत नेमकं काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत औषध डोळ्यांदेखत गिळवलं जातं आणि नंतर काही वेळ रुग्णाला थांबवून ठेवतात. ओकारी झाली तर मात्रा पुन्हा. औषध सुरू होतं त्या दिवसाला शून्य दिवस म्हणतात. मग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी बोटातून रक्त. काचेवर एक जाड थेंब, एक पातळ पसरलेला थर. आपल्याकडे तो जेएसबी रंगाने रंगवतात. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांची ही देशी पद्धत. सूक्ष्मदर्शकाखाली २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत किती जंतू दिसले ते लिहायचं, ८,००० ने गुणायचं, २०० ने भागायचं. म्हणजे रक्ताच्या एका मायक्रोलिटरमधले जंतू. दुसऱ्या दिवशी ते शून्य दिवसापेक्षा जास्त भरले, किंवा तिसऱ्या दिवशी मूळ संख्येच्या चौथ्या हिश्शाएवढे वा त्याहून अधिक उरले, तर ते लवकरचं अपयश. रुग्ण ठणठणीत होऊन शेतात गेला आणि एकविसाव्या दिवशी तापाशिवाय काचेत जंतू दिसले, तर तेही अपयशच. १८६६ च्या वहीत हा माणूस बरा झाला म्हणून लिहिला गेला असता.

त्यातही एक पेच उरतो. एकविसाव्या दिवसाचा जंतू जुनाच राहून गेला, की नवा डास चावला? फाल्सिपारममध्ये दोन्ही वेळच्या रक्तातल्या जंतूंची जनुकं ताडून ते सांगता येतं. व्हायव्हॅक्समध्ये तेही अवघड, कारण तो यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी उठतो. त्याला तिथून उपटायला प्रायमाक्विन लागतं, आणि इथे पुन्हा मुंबईचा कागद कामाला येतो. राष्ट्रीय कार्यक्रमात प्रायमाक्विन पाच दिवस देत असत. १९९९ साली गोगटे आणि सहकाऱ्यांनी पाच दिवसांचा आणि चौदा दिवसांचा उपचार समोरासमोर ठेवला. पाच दिवसांच्या उपचाराने उलटणारा ताप अडत नव्हता; चौदा दिवसांचा उपचार उघडपणे सरस ठरला. म्हणजे ज्याला समूळ उपचार म्हणत, त्यात मूळ शिल्लक राहत होतं. याच गटाने पुढे चौदा दिवसांचा उपचारही तपासला आणि तोही दर वेळी पुरत नाही असं प्रामाणिकपणे लिहिलं.

त्यानंतरचे कागद सरकारी आहेत आणि ते भराभर पालटतात. २००८ च्या राष्ट्रीय औषध धोरणात व्हायव्हॅक्ससाठी क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस असं आहे. २०१० च्या धोरणात फाल्सिपारमसाठी सबंध देशात आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन ही जोडगोळी आली. तिची परीक्षा २००९ आणि २०१० मध्ये देशातल्या पंचवीस निवडक ठिकाणी झाली आणि एकूण गुण चांगला आला. ईशान्येत मात्र पुढे ती ढासळू लागली, म्हणून २०१३ साली तिथे आर्टिमेथर-ल्यूमेफँट्रिन आणलं. अपयश दहा टक्क्यांवर गेलं की औषध बदला, हा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक. गृहीत उपचाराच्या चार गोळ्याही या काळात बंद झाल्या. आधी तपासणी, मग औषध.

आता हिंगोलीकडे येतो. अठ्ठावीस दिवसांच्या अशा एका चाचणीला किमान पन्नास रुग्ण लागतात, आणि ते एकाच जंतूचे, एकाच हंगामात, महिनाभर हाती राहणारे. महाराष्ट्रातला बहुतेक हिवताप गडचिरोली आणि मुंबई परिसरात आहे. बाकीच्या जिल्ह्यांत पन्नास रुग्ण जमवत बसणं शक्य नाही, आणि ते कमी आहेत ही चांगलीच गोष्ट. अशा ठिकाणांसाठी संघटनेनेच वेगळी वाट सांगितली आहे: निवडक रुग्णांवर चाचणी करण्याऐवजी सापडलेल्या प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा करा आणि त्याच नोंदीतून औषधाचा गुण जोखा. २०२७ पर्यंत स्थानिक हिवताप शून्यावर आणायचं देशाचं उद्दिष्ट आहे. रुग्ण जितके कमी, तितकी प्रत्येक नोंद मोलाची.

यात आशाताई आणि आरोग्य सेवकाइतकाच वाटा रुग्णाच्या घरच्यांचा आहे. व्हायव्हॅक्स निघाला तर प्रायमाक्विन चौदाही दिवस घ्या. गरोदर बाई असेल किंवा तान्हं बाळ असेल तर ते देत नाहीत, आणि लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. ताप तिसऱ्या दिवशी उतरेल, भूक लागेल, कामावर जावंसं वाटेल. तरी गोळ्या सोडू नका. आणि चौदाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी कुणी पुन्हा बोट टोचायला दारात आलं, तर ‘आता बरं आहे’ म्हणून परत पाठवू नका. त्याला रक्त द्या.