तंबोऱ्याला शिवलेले हात

दोस्तहो, आपल्या संगीताचा इतिहास वाचा. कोण कुठल्या घराण्याचा, कुणी कुणाचा गंडा बांधला, कुठल्या राजानं कुणाला पदरी ठेवलं, सगळं तपशीलवार सापडतं. ज्या तंबोऱ्यावर हे गाणं उभं राहिलं तो फुटला तेव्हा कुणी सांधला, हे क्वचितच सापडतं. म्हणून मी, सूतगिरणीत पाळी करणारा माणूस, लिहायला बसलोय.

मिरजेचे शिकलगार मुळात हत्यारांना धार लावणारे. इंग्रजी अंमल आला, तलवारी म्यानात गेल्या, धंदा बसला. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगारांनी तंबोरा बनवायला घेतला. पुढं अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली वारले. खाँसाहेबांचं नाव देशाला ठाऊक. फरीदसाहेबांचं मिरजेबाहेर किती जणांना?

तिथल्या एका खोलीत बसून दुरुस्ती बघितली मी. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड तुणीचं. चीर गेली तर सांधायची जुनी रीत सरसाची. सरस म्हणजे जनावराचं कातडं नि हाडं उकळून काढलेला चिकटा. घोडी हाडाची, शिंगाची. तार घासून घासून घोडीवर चरा पडतो, आवाज मरतो. मग तारा उतरवून कानशीनं घोडी पुन्हा घासायची. हात तोच, धार लावणाऱ्याचा. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. नेमक्या जागी आला की तार झणाणते. तिला जवारी म्हणतात. एवढ्याशा सुतावर मैफल उभी!

आता हिशेब मांडा. मेलेलं ढोर ओढणाऱ्याला, कातडं कमावणाऱ्याला देवळाची पायरी बंद. त्याच्या हातनं गेलेलं हाड-कातडं मात्र घोडी होऊन, सरस होऊन सभामंडपात गाण्याला बसलं. वस्तू चालली, माणूस चालला न्हाई. १९२७ साली महाडात आपण तळ्याचं पाणी प्यालो, तर त्यांनी तळं शुद्ध करून घेतलं. तंबोरा कुणी शुद्ध करून घेतला? पाणी ओताल तर सरस सुटेल नि गाणं बंद पडेल.

२०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. पण मानांकन गावाला मिळतं, हात पुन्हा बिननावाचेच राहतात. तुमच्या वस्तीत तुणतुणं, हलगी मढवणारा एखादा म्हातारा असेल. त्याच्यापाशी बसा. नाव, गाव, कुणाकडून शिकला, काय मजुरी मिळाली, लिहून काढा. आपला इतिहास दुसरं कोण लिहिणार हाय?