कुंपणानं वाचवलं की आगीनं? फोर्ट ब्रॅगच्या सुतार पक्ष्याची गोष्ट



"लष्कराच्या जमिनीवर माणसांची ये-जा नसते, म्हणून तिथे वन्यजीव टिकतात." हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. माझ्या संशोधन प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यातही ते होतं. गाइडनी 'म्हणून' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि समासात लिहिलं, "कशावरून?" त्या एका प्रश्नामुळे मी अमेरिकेतल्या एका लष्करी तळाचा इतिहास वाचायला घेतला. आज तोच सांगतो. तुम्ही पीएचडीची तयारी करत असाल तर हा इतिहास नक्की उपयोगी पडेल, कारण यात एक साधं वाटणारं गृहीतक दोनदा तोंडघशी पडतं.

आधी कायदा

सुरुवात फ्लोरिडातल्या एग्लिन या हवाई दलाच्या तळापासून करू. तळाच्या हद्दीत मोठं पाइनचं जंगल आणि लोकांना तिथे शिकार-मासेमारीची हौस. 1949 मध्ये अमेरिकन काँग्रेसने एग्लिनपुरता एक कायदा केला. परवान्याची फी घ्यायची आणि तो पैसा तिथल्याच वन्यजीवांवर खर्च करायचा. फ्लोरिडाचे प्रतिनिधी रॉबर्ट साइक्स यांच्या पुढाकाराने 1960 मध्ये हीच कल्पना देशभरातल्या तळांना लागू झाली. तोच 'साइक्स कायदा'.

इथे जरा थांबा. आज या कायद्याकडे जैवविविधता संरक्षणाचा कायदा म्हणून बघितलं जातं, पण त्याचं मूळ शिकारीच्या परवान्यात आहे. तळांनी नैसर्गिक संसाधनांचा एकात्मिक आराखडा करावा ही सक्ती 1997 च्या दुरुस्तीने आली. आजचा उपयोग बघून जुना हेतू ठरवायचा नाही, हा इतिहासाचा पहिला नियम. आपण विज्ञानवाले तो हमखास विसरतो.

झाड, पक्षी आणि वणवा

आता उत्तर कॅरोलिनातल्या फोर्ट ब्रॅगकडे येऊ. 1918 मध्ये तोफखान्याच्या सरावासाठी हा तळ उभा राहिला. दीड लाख एकरांहून जास्त जमीन, बरीचशी रेताड, त्यावर लॉन्गलीफ पाइन. एके काळी अमेरिकेच्या आग्नेय भागात या पाइनचं रान सुमारे नऊ कोटी एकरांवर पसरलेलं होतं. लाकूडतोड, शेती आणि वणवे विझवण्याचं धोरण यांमुळे ते काही टक्क्यांवर आलं.

वणवे विझवल्याने जंगल कसं कमी होतं, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण लॉन्गलीफ पाइन आगीसोबत वाढलेलं झाड आहे. त्याचं रोप काही वर्षं गवताच्या झुबक्यासारखं दिसतं आणि वरून आग गेली तरी आतला कोंब टिकतो. आग आलीच नाही तर ओकसारखी रुंद पानांची झाडं खालून माजतात आणि पाइनच्या रोपांना ऊन मिळत नाही.

या रानात रेड-कॉकेडेड वुडपेकर नावाचा छोटा सुतार पक्षी राहतो. बाकीचे बहुतेक सुतार पक्षी वठलेल्या लाकडात ढोली करतात. हा मात्र जिवंत, जुन्या पाइनमध्ये करतो आणि एक ढोली पुरी व्हायला अनेकदा वर्षं लागतात. ढोलीभोवती तो सालीला चोची मारत राहतो, म्हणजे डिंक वाहतो आणि साप वर चढू शकत नाही. पण खालची झाडी वाढून ढोलीच्या उंचीपर्यंत आली की पक्षी जागा सोडतो. त्याला जुनी झाडं लागतात आणि खालचं रान मोकळंही लागतं.

बाहेर सगळीकडे वणवे विझवले जात होते. फोर्ट ब्रॅगवर मात्र तोफगोळे पडत होते, गवत पेटत होतं आणि न फुटलेल्या दारूगोळ्याच्या भीतीने तिथे आग विझवायला कोणी जात नव्हतं. लष्कराने पक्ष्यासाठी काहीही ठरवलं नव्हतं, तरी त्याचं रान जळत राहिलं आणि म्हणून मोकळं राहिलं.

म्हणजे बघा, नुसतं कुंपण घालून आग थांबवली असती तर हाच पक्षी त्याच कुंपणाच्या आत संपला असता. गृहीतक पहिल्यांदा पडलं ते इथे.

1990: लष्कर विरुद्ध पक्षी

हा पक्षी 1970 मध्ये संकटग्रस्त यादीत गेला आणि 1973 चा संकटग्रस्त प्रजाती कायदा आल्यावर त्या यादीला धार आली. 1990 मध्ये अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने अधिकृत मत दिलं की फोर्ट ब्रॅगवरच्या लष्करी हालचालींमुळे या पक्ष्याचं अस्तित्व धोक्यात येतंय. ढोलीच्या झाडांवर पांढरे पट्टे रंगवले गेले. त्यांच्याभोवती 200 फुटांत खंदक खणायचा नाही, मुक्काम करायचा नाही. हवाई छत्रीधारी सैनिकांच्या तळावर हे किती जाचक वाटलं असेल, याची कल्पना करा.

तळाबाहेर याहून वाईट घडत होतं. आपल्या जमिनीवर पक्षी आला तर निर्बंध येतील, या भीतीने खासगी मालक झाडं वेळेआधीच तोडत होते. ही नुसती गावगप्पा नव्हती. डीन ल्यूक आणि जेफ्री मायकेल या अर्थशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या वनजमिनींची आकडेवारी तपासून दाखवलं की पक्ष्यांच्या वस्तीजवळची झाडं तोडली जाण्याची शक्यता जास्त होती आणि ती कमी वयात तोडली जात होती. पक्ष्याला वाचवायला केलेला कायदा त्याचंच घर पाडत होता.

मार्ग निघाला 1995 मध्ये, तोही कुंपणाबाहेर. 'सेफ हार्बर' नावाच्या करारात मालकाच्या जमिनीवर आज पक्ष्यांचे जेवढे गट आहेत तेवढ्यांचीच जबाबदारी त्याच्यावर राहते. झाडं राखल्यामुळे नवे गट आले, तर त्यांच्यासाठी जादा निर्बंध नाहीत. पहिली सही केली पाइनहर्स्ट या गोल्फच्या रिसॉर्टने. त्याच सुमारास लष्कराने नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेबरोबर तळालगतच्या जमिनी राखायला सुरुवात केली. यात लष्कराचाही स्वार्थ होता. शेजारी घरं उभी राहिली की तोफांच्या आवाजाच्या तक्रारी येतात, जंगल असलं की येत नाहीत.

तळावर आग आता ठरवून लावली जाते, साधारण दर तीन वर्षांनी. जुनी झाडं कमी पडतात तिथे खोडात लाकडी कृत्रिम ढोल्या बसवतात. 2006 मध्ये इथल्या पक्ष्यांनी 350 प्रजननक्षम गटांचं उद्दिष्ट गाठलं आणि सरावावरचे निर्बंध सैल होत गेले. 2024 मध्ये या पक्ष्याचा दर्जा 'संकटग्रस्त' वरून एक पायरी खाली, 'धोक्यात' असा झाला.

फुलपाखराचा दुसरा धडा

याच तळावर सेंट फ्रान्सिस सॅटर नावाचं तपकिरी फुलपाखरू आहे. 1983 मध्ये सापडलं, संग्राहकांनी इतकं पकडलं की संपलंच असं वाटलं, मग 1992 मध्ये पुन्हा दिसलं. निक हॅडाड हे परिसंस्थाशास्त्रज्ञ 2002 पासून त्याचा अभ्यास करू लागले. फुलपाखराच्या ओलसर जागा जपायच्या, तिथे कोणी फिरकू द्यायचं नाही, हा त्यांचाही सुरुवातीचा विचार होता. तरी संख्या घटतच गेली. आणि फुलपाखरू टिकून होतं कुठे, तर जिथे तोफगोळे पडतात त्या भागात! तिथे आग लागत होती, बीव्हर बांध घालून झाडं बुडवत होते आणि त्यातून अळीला लागणारं गवतासारखं लव्हाळं उगवत होतं. मग त्यांनी मुद्दाम झाडं काढली, पाणी अडवलं आणि तिथे फुलपाखरं वाढली. आपली चूक त्यांनी नंतर स्वतःच मोकळेपणाने लिहिली. गृहीतक दुसऱ्यांदा पडलं ते इथे.

तुमच्या प्रस्तावासाठी

आता माझ्या त्या 'म्हणून'कडे परत येऊ. 2008 मध्ये ब्रूस स्टाइन आणि सहकाऱ्यांनी बायोसायन्स या नियतकालिकात दाखवलं की अमेरिकेच्या केंद्र सरकारी जमिनींपैकी संरक्षण खात्याच्या जमिनीवर संकटग्रस्त प्रजातींची घनता सर्वांत जास्त आहे. पण असा आकडा दिसला की स्वतःला तीन प्रश्न विचारा.

एक, तळ मुळात कुठे आहेत? हवाई, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा या भागांत दुर्मीळ प्रजाती आधीपासूनच जास्त आहेत. दोन, तुलना कशाशी? शेजारची जमीन उद्ध्वस्त झाली असेल तर तळ जागेवर थांबूनही हिरवा दिसणार. तीन, यंत्रणा कोणती? माणसांना बंदी, आग, कायदा की पैसा? प्रत्येकाचा पुरावा वेगळा असतो.

हेच प्रश्न आपल्याकडेही लागू होतात. सोलापूरच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं तो माळढोक आज राजस्थानात पोखरणच्या फायरिंग रेंजच्या परिसरातही तग धरून आहे. तो तिथे का टिकला? शेती नाही म्हणून, चराई कमी म्हणून, की आणखी कशामुळे? 'लष्कर आहे म्हणून' हे उत्तर लिहायला सोपं आहे. पण त्या उत्तरावर विसंबून उद्या कोणी नुसतं कुंपण घातलं आणि माळाला हवं असलेलं काहीतरी थांबवलं, तर किंमत पक्षी मोजेल.

माझ्या प्रस्तावात ते वाक्य आता नाही. त्या जागी एक प्रश्न आहे, आणि पुढचे तीन धडे त्याच प्रश्नावर उभे आहेत. तुमच्या मसुद्यातले 'म्हणून' आज रात्री एकदा मोजून बघा.