बोललो असतो, पण...

परवा शनिवारी फ्रेंचच्या क्लासमध्ये कंडिशनल सुरू झालं. (क्लायंट लिऑंचा आहे, त्यामुळे आमची अर्धी टीम सध्या शनिवारी सकाळी शाळकरी पोरांसारखी क्रियापदं घोकत असते.) बाईंनी फळ्यावर 'पार्ले' म्हणजे बोलणे हे क्रियापद लिहिलं. नियमित क्रियापद आहे, घाबरू नका म्हणाल्या. मूळ क्रियापद अख्खं ठेवायचं आणि त्याला भूतकाळाचे प्रत्यय चिकटवायचे. झ पार्लरे, त्यु पार्लरे, इल पार्लरे, नू पार्लरियों, वू पार्लरिए, इल पार्लरे. झालं! सहापैकी चार रूपं कानाला एकच. फरक आहे तो शेवटच्या मुक्या अक्षरांचा, म्हणजे फक्त कागदावर.

मग त्यांनी प्रत्येकाला 'जर'चं एकेक वाक्य करायला सांगितलं. बाकीच्यांनी लॉटरी लागली तर वगैरे केली. माझ्या डोक्यात आलं ते आमच्या झरी जामणीचं वाक्य: पाऊस वेळेवर आला असता तर कापूस साधला असता. बाई म्हणाल्या, "थांब. हे अजून होऊ शकतं, की संपलं? फ्रेंचमध्ये दोन्हींची रूपं वेगळी आहेत. आधी ते ठरव."

मला ठरवता आलं नाही.

विचित्र कोड दिसला की तो आधी कुणी आणि का लिहिला ते बघायची सवय असते, म्हणून दुपारभर तेच शोधत बसलो. लॅटिनमध्ये असं वेगळं रूप नव्हतंच. उत्तरकाळात लोक बोलताना क्रियापदाला 'जवळ असणे' हे क्रियापद जोडू लागले. 'कान्तारे हाबेओ', म्हणजे साधारण 'मला गायचं आहे'. ते झिजून फ्रेंचमधलं 'गाईन' झालं. आणि 'कान्तारे हाबेबाम', 'मला गायचं होतं', ते झिजून 'गायलो असतो' झालं. प्रत्यय भूतकाळाचे का, याचं उत्तर एवढंच. मराठीतही 'मला गायचं होतं' म्हटलं की ऐकणारा विचारतोच ना, मग का नाही गायलास?

हे रूप सगळ्यात आधी सापडतं साधारण ८८० सालच्या, संत युलालीवरच्या २९ ओळींच्या कवितेत. शील गमावण्यापेक्षा ती पोरगी छळ सोसेल, असं सांगताना. स्पेलिंग मात्र बरंच अलीकडचं. पूर्वी शेवटी ओ-आय-एस लिहीत. त्याऐवजी ए-आय-एस लिहा म्हणून व्होल्तेर भांडला, आणि फ्रेंच अकादमीने ते मान्य केलं १८३५च्या शब्दकोशात. पुढच्याच वर्षी, १८३६ला, इकडे मुंबईत दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण छापून आलं. संबंध काही नाही, पण मजा वाटली :)

खरी मजा पुढे आहे. संस्कृतचा लृङ् आठवतोय? शाळेत कुणीच मनावर घेत नाही तो. भविष्यति, त्यावरून अभविष्यत्. भविष्यकाळाचं अंग घ्यायचं, पुढे भूतकाळाचा 'अ' लावायचा, मागे भूतकाळाचेच प्रत्यय. म्हणजे फ्रेंचचीच युक्ती! एकाने दुसऱ्याचं पाहून केलेलं नाही, दोघे आपापल्या वाटेने तिथे पोचले. पाणिनी याला क्रियातिपत्ती म्हणतो, म्हणजे घडायची ती क्रिया हातून निसटणं. नाव इतकं नेमकं, पण रूप फारसं चाललं नाही. ऋग्वेदात ते एकदाच येतं. प्राकृत बोलणाऱ्यांनी तर टाकूनच दिलं. बाराव्या शतकातला हेमचंद्र आपल्या प्राकृत व्याकरणात सांगतो की या अर्थी 'न्त' आणि 'माण' लावलेली वर्तमानाची विशेषणं वापरतात. त्या 'न्त'चाच वंशज आपला 'ता'. असता, करता, येता. म्हणजे आपण भविष्यही टाकलं आणि भूतही, न घडलेली गोष्ट चालू वर्तमानात ठेवली. 'तो येतो' म्हणजे रोजचं येणं, 'तो येता तर' म्हणजे न झालेलं. फरक एका स्वराचा.

(मराठीचा असा सगळा इतिहास नीट लिहिला तो एका फ्रेंच माणसाने, ज्यूल ब्लॉक, पॅरिस, १९२०. आपल्याला तो मराठीत मिळाला १९४१ला, वा. गो. परांजप्यांच्या भाषांतरामुळे. असो.)

पण किंमत मोजली आपण. फ्रेंचला 'आत्ता जमलं असतं' आणि 'तेव्हा जमलं असतं' वेगळं सांगता येतं. आपण दोन्हीला 'जमलं असतं' म्हणतो, कुठलं ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. झरीच्या कोरडवाहू शेतीत वर्षभर हीच रूपं चालतात. विहिरीले पाणी असतं तर. भाव भेटला असता तर. लहानपणापासून ऐकतोय, आणि ही वाक्यं संपलेल्या गोष्टींची आहेत असंच धरून चालत आलो. उत्तर द्यायची गरज नसलेली.

रविवारी बाबांचा फोन आला. पऱ्हाटीचं, पावसाचं, मुकुटबनच्या बाजाराचं बोलून झालं. मग म्हणाले, "तू इथं असता तं..." आणि थांबले.

एरवी मी 'हो ना' म्हणून विषय बदलला असता. या वेळी विचारलं, "बाबा, असतो तर काय?"

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाले, "येतं का दिवाळीले? बोलू."