शालेय आरोग्यसेवा

शालेय आरोग्यसेवा : दारिद्र्य, कुपोषण, व्यंग वा संसर्ग यांमुळे ज्यांच्या प्रकृतीला विशेष धोका संभवतो, अशा बालकांची शाळेमार्फत तपासणी, उपचार व पाठपुरावा करण्याची व्यवस्था. यांपैकी तपासणी सर्वांत सोपी असल्यामुळे सरकारी दप्तरात तीच सेवा म्हणून मिरवते.

न्यूयॉर्क शहराच्या आरोग्यखात्याने १८९७ साली शाळांसाठी वैद्यकीय तपासनीस नेमले. खुपऱ्या, खरूज, नायटा किंवा उवा आढळल्या की मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला घरी धाडावयाचे, हा त्यांचा शिरस्ता. स्थलांतरितांच्या वस्तीत ती इंग्रजी चिठ्ठी बहुधा कोणास वाचता येत नसे, आली तरी डॉक्टरची फी देण्याची ऐपत नसे. परिणामी, वर्गातून हाकललेले मूल संध्याकाळी त्याच सवंगड्यांत खेळे आणि संसर्ग, व्हायचा तो, होतच राही. १९०२ मध्ये हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या तेथील गरीब वस्तीतील सेवासंस्थेच्या संस्थापिका लिलियन वाल्ड यांनी लीना रॉजर्स या परिचारिकेस प्रयोगादाखल महिनाभर चार शाळांत पाठविण्याची तजवीज केली. रॉजर्सबाईंनी किरकोळ दुखण्यांवर शाळेतच औषधोपचार केले व घरोघर जाऊन आयांना शुश्रूषा शिकविली. प्रयोग यशस्वी ठरून नगरपालिकेने आणखी परिचारिका नेमल्या आणि वर्षभरात वर्गाबाहेर काढाव्या लागणाऱ्या मुलांची मासिक संख्या सुमारे साडेदहा हजारांवरून अकराशेंवर आली.

इंग्लंडला बोअर युद्धातील रंगरूटांच्या खालावलेल्या प्रकृतीने जाग आणली. तेथे १९०६ साली शालेय भोजनाचा आणि १९०७ साली वैद्यकीय तपासणीचा कायदा झाला. भारतात अशी तपासणी प्रथम १९०९ साली बडोदा शहरात, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, झाली. तथापि ब्रिटिश अमदानीच्या अखेरीस आरोग्यसेवांची पाहणी करणाऱ्या भोर समितीला (१९४६) देशात ही सेवा जवळजवळ नसल्याचेच नमूद करावे लागले.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती पथके शाळांत वर्षातून एकदा व अंगणवाड्यांत दोनदा जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात आणि जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वादिकांची कमतरता वा विकासातील विलंब आढळल्यास त्यांना पुढील रुग्णालयांकडे मोफत उपचारांसाठी पाठवितात. पालघरच्या आदिवासी पाड्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व मुलांनाही सोबत नेतात. अशा मुलाचे नाव पथकाच्या नोंदवहीत असते, पण रुग्णालयाचे बोलावणे येते तेव्हा ते गावात नसते.